जिंकलेल्या युद्धानंतरचे भय

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले तेव्हा युरोपातील जेते आणि पराभूत दोघेही सारखेच खचलेले होते. अमेरिका मात्र या युद्धातून पूर्वीपेक्षा अधिक बलवान होऊन बाहेर पडली. १९१४ पर्यंत लंडनच्या भांडवलबाजारातून पैसा उचलून आपले लोहमार्ग आणि कारखाने उभारणारा हा ऋणको देश चार वर्षांत जगाचा धनको झाला, आणि युद्धकाळात व त्यानंतर लगोलग दिलेल्या कर्जांपोटी ब्रिटन, फ्रान्स, इटली आदी राष्ट्रांकडे त्याच्या सरकारचे सुमारे १० अब्ज डॉलर येणे राहिले. फ्रान्सने १३ लाखांहून अधिक सैनिक गमावले होते. अमेरिकेचे सुमारे १ लाख १६ हजार सैनिक दगावले आणि त्यांतलेही निम्म्याहून अधिक रोगाने, मुख्यतः १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने गेले. शत्रूच्या तोफगोळ्याने अमेरिकेतील एकही शहर उद्ध्वस्त झाले नव्हते. अशा देशाने आत्मविश्वासाने जगाकडे पाहावे अशी अपेक्षा कोणीही केली असती, परंतु पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याने घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या निर्णयावर भयाची छाया आहे. राष्ट्रसंघात जाण्यास नकार, परकीयांची हद्दपारी, संपांवरचा बडगा, कृष्णवर्णीयांवरील हल्ले आणि स्थलांतरितांवर घातलेली बंदी या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या एकाच काळात, एकाच मनःस्थितीतून घडल्या आणि त्यांचे मूळ ज्या पद्धतीने हा देश युद्धासाठी उभा केला गेला त्या पद्धतीत सापडते.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन १९१६ ची निवडणूक देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या श्रेयावर जिंकले आणि त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, ६ एप्रिल १९१७ रोजी, अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजांवर सरसकट हल्ले सुरू केल्यामुळे हा निर्णय अपरिहार्य झाला असे सरकारचे म्हणणे होते, पण लोकमत एकसंध नव्हते. १९१० च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे एक तृतीयांश लोक एकतर परदेशात जन्मलेले होते किंवा परदेशात जन्मलेल्या आईबापांची मुले होती, आणि त्यांत जर्मन वंशाच्या लोकांचा वाटा सर्वांत मोठा होता; ब्रिटनच्या बाजूने लढण्याची कल्पना आयरिश वंशीयांनाही रुचणारी नव्हती. ही विविधता सांभाळत सहमती घडवण्याऐवजी सरकारने प्रचार आणि शिक्षा असा दुहेरी मार्ग निवडला. पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक माहिती समिती स्थापन झाली, आणि तिच्या वतीने सुमारे ७५ हजार स्वयंसेवक चित्रपटगृहांत रीळ बदलण्याच्या चार मिनिटांच्या अवकाशात प्रेक्षकांसमोर उभे राहून युद्धकर्जाचे रोखे घेण्याचे, अन्न वाचवण्याचे आणि शत्रूच्या हस्तकांवर नजर ठेवण्याचे आवाहन करू लागले. दुसरीकडे १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आणि १९१८ ची त्यातील दुरुस्ती यांनी सैन्यभरतीत अडथळा आणण्यालाच नव्हे, तर सरकार, राज्यघटना, ध्वज किंवा लष्करी गणवेश यांच्याविषयी अवमानकारक बोलण्यालाही गुन्हा ठरवले. शेजाऱ्यावर संशय घेणे हे जेव्हा देशभक्तीचे लक्षण ठरते, तेव्हा त्याचे पर्यवसान कशात होते हे एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे दिसले. रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरित कामगाराला जमावाने झाडाला फाशी दिले आणि ज्यांच्यावर खटला चालला त्यांना ज्यूरीने निर्दोष सोडले.

युद्ध थांबले, सैनिक परतू लागले, पण ही यंत्रणा थांबली नाही. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना ओहायोतील कँटन येथे जून १९१८ मध्ये केलेल्या युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ते प्रत्यक्ष तुरुंगात गेले एप्रिल १९१९ मध्ये, म्हणजे युद्धबंदीनंतर पाच महिन्यांनी, आणि १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून कैदी म्हणून लढवली तेव्हा त्यांना ९ लाखांहून अधिक मते पडली. ज्या देशाने लोकशाहीसाठी जग सुरक्षित करण्याची भाषा करत युद्ध केले, त्याच देशात एका भाषणासाठी माणूस शांततेच्या काळात तुरुंगात राहिला, ही त्या काळाची सर्वांत क्लेशदायक विसंगती म्हटली पाहिजे.

विल्सन यांचे सारे लक्ष तोवर पॅरिसच्या शांतता परिषदेकडे लागले होते. ८ जानेवारी १९१८ रोजी त्यांनी मांडलेल्या चौदा मुद्द्यांत उघड राजनय, समुद्रावरील मुक्त संचार, शस्त्रकपात आणि सर्वांत शेवटी राष्ट्रांच्या एका संघटनेची, म्हणजे राष्ट्रसंघाची, स्थापना यांचा समावेश होता. एखाद्या समाजाने आपले सरकार स्वतः ठरवण्याचा अधिकार, म्हणजे स्वयंनिर्णय, या तत्त्वाशी त्यांचे नाव जगभर जोडले गेले आणि कोरिया, इजिप्त, चीन, हिंदुस्थान अशा दूरदूरच्या देशांत त्यामुळे आशा जागी झाली. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या लोकमान्य टिळकांनी विल्सन आणि शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदने पाठवून हिंदुस्थानसाठी हाच अधिकार मागितला; या प्रश्नाचा विचार योग्य अधिकारी योग्य वेळी करतील अशा आशयाचे उत्तर विल्सन यांच्या कार्यालयाकडून आले. ती योग्य वेळ पॅरिसमध्ये आली नाही. वसाहतींचे मालक असलेल्या मित्रराष्ट्रांना दुखावून विल्सन यांना राष्ट्रसंघ मिळाला नसता आणि राष्ट्रसंघासाठी ते इतर जवळजवळ सर्व गोष्टींवर तडजोड करायला तयार होते, हे या उत्तरामागचे खरे कारण होय.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला, पण ज्या राष्ट्रसंघासाठी एवढ्या तडजोडी केल्या तोच वॉशिंग्टनमध्ये अडला. अमेरिकन राज्यघटनेनुसार कोणत्याही तहाला सिनेट या वरिष्ठ सभागृहात उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांची संमती लागते. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत सिनेट विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेले असतानाही विल्सन यांनी पॅरिसला नेलेल्या शिष्टमंडळात एकाही सिनेटरला घेतले नव्हते, आणि या एका चुकीची किंमत फार मोठी ठरली. वादाचा केंद्रबिंदू राष्ट्रसंघाच्या सनदेतील दहावे कलम हा होता. या कलमान्वये प्रत्येक सदस्य राष्ट्राने इतर सर्व सदस्यांची प्रादेशिक अखंडता आणि राजकीय स्वातंत्र्य यांचे बाह्य आक्रमणापासून रक्षण करण्याची हमी द्यायची होती. सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांचा आक्षेप असा होता की युद्धाची घोषणा करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, दिला आहे आणि तो जिनिव्हातील एखाद्या परिषदेच्या हाती जाता कामा नये. लॉज यांचा विल्सन यांच्यावरील वैयक्तिक राग सर्वश्रुत होता. वेळ काढण्यासाठी त्यांनी संपूर्ण तह समितीपुढे मोठ्याने वाचून काढला, आणि त्यात सुमारे दोन आठवडे गेले. तरीही त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पोकळ नव्हता. लोकशाहीत सैनिकांना मृत्यूच्या दारी पाठवण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, याचे उत्तर आजही कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेला टाळता आलेले नाही.

विल्सन यांनी समझोता करण्याऐवजी थेट जनतेकडे जाण्याचे ठरवले. सप्टेंबर १९१९ मध्ये त्यांनी आगगाडीने पश्चिमेकडील राज्यांचा सुमारे ८ हजार मैलांचा दौरा सुरू केला. कोलोरॅडोतील प्वेब्लो येथील भाषणानंतर त्यांची प्रकृती ढासळली, दौरा सोडून त्यांना परतावे लागले आणि २ ऑक्टोबर रोजी पक्षाघाताच्या तीव्र झटक्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यानंतर अनेक महिने देशाचा प्रमुख अंथरुणाला खिळलेला होता, कोणता कागद त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा हे त्यांच्या पत्नी एडिथ ठरवत होत्या, आणि जनतेला आजाराचे खरे स्वरूप कळू दिले गेले नाही. आजाराने त्यांचा हट्ट अधिकच कठोर केला. नोव्हेंबर १९१९ मध्ये लॉज यांच्या अटींसह आणि अटींविना असे दोन्ही प्रकारे तह फेटाळला गेला. १९ मार्च १९२० रोजी अटींसह तहावर पुन्हा मतदान झाले तेव्हा बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मते पडली; बहुमत होते, पण दोन तृतीयांशाला सात मते कमी पडली. विरोधातील ३५ पैकी २३ सिनेटर विल्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते आणि त्यांतील बहुतेकांनी अटी मान्य करू नका या त्यांच्या सांगण्यावरून विरोधी मत दिले होते. यांपैकी सात जणांनी बाजू बदलली असती, तर अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य झाली असती. म्हणून अमेरिकेने राष्ट्रसंघ नाकारला याचे खापर एकट्या लॉजवर किंवा अमेरिकन जनतेच्या संकुचितपणावर फोडणे न्याय्य नाही. त्यात ज्याने ते स्वप्न पाहिले त्या माणसाचाही हात होता.

नोव्हेंबर १९२० मध्ये वॉरन हार्डिंग सुमारे ६० टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. मतदारांना पूर्ववत शांत आयुष्य हवे होते आणि हार्डिंग यांनी नेमके तेच देऊ केले. जर्मनीशी युद्ध संपल्याचा ठराव त्यांनी २ जुलै १९२१ रोजी न्यू जर्सीतील रॅरिटन या गावी, एका सिनेटरच्या घरी, गोल्फचा खेळ अर्ध्यावर थांबवून स्वाक्षरीत केला. लाखाहून अधिक अमेरिकन ज्या युद्धात गेले, त्याचा कायदेशीर शेवट असा झाला.

येथून पुढच्या धोरणाला सहसा अलगतावाद, म्हणजे जगाच्या भानगडींपासून दूर राहण्याचे धोरण, म्हटले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे. याच काळात हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि निकाराग्वा येथे अमेरिकन नौसैनिकांच्या तुकड्या ठाण मांडून होत्या. नोव्हेंबर १९२१ मध्ये परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी वॉशिंग्टनमध्ये नौदल परिषद भरवली आणि उद्घाटनाच्याच भाषणात कोणती जहाजे मोडीत काढायची याचा तपशील वाचून दाखवून जमलेल्या मुत्सद्द्यांना चकित केले. तीतून झालेल्या तहाने अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे ५ : ५ : ३ असे प्रमाण ठरले. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारानुसार युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून त्याज्य ठरवण्यात आले आणि सिनेटने त्याला ८५ विरुद्ध १ मताने मान्यता दिली. करार मोडणाऱ्याचे काय करायचे याविषयी त्यात काहीच नव्हते, म्हणूनच ती मान्यता इतक्या सहज मिळाली.

सर्वांत खोल गुंतवणूक पैशाची होती. मित्रराष्ट्रांनी कर्ज फेडावे असा अमेरिकेचा आग्रह होता. मित्रराष्ट्रे ते जर्मनीकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईतून फेडू पाहत होती. जर्मनीवर १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा बोजा टाकला गेला होता आणि १९२३ पर्यंत तिचे चलन कवडीमोल झाले होते. यावर शिकागोचे बँकर चार्ल्स डॉझ यांच्या समितीने १९२४ मध्ये योजना आखली : भरपाईचे हप्ते सुसह्य करायचे आणि जर्मनीला, मुख्यतः अमेरिकन गुंतवणूकदारांकडून, कर्ज मिळवून द्यायचे. परिणामी न्यूयॉर्कचा पैसा बर्लिनला, तेथून भरपाई म्हणून पॅरिस आणि लंडनला, आणि तेथून कर्जफेड म्हणून पुन्हा वॉशिंग्टनला येऊ लागला. हे चक्र अमेरिकन कर्जाचा ओघ चालू असेपर्यंतच फिरणार होते. ज्यांना डॉलर फेडायचे होते त्यांनी ते अमेरिकेला माल विकून कमवायला हवेत, ही साधी गोष्टही १९२२ च्या वाढीव आयात शुल्काने अवघड केली. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यावर ओघ आटला आणि मंदी युरोपभर पसरली. जगाच्या अर्थव्यवहाराचे केंद्र व्हायचे, पण त्या व्यवहाराला सावरण्याची राजकीय जबाबदारी घ्यायची नाही, हे त्या दशकातील अमेरिकन धोरणाचे सर्वांत घातक वैशिष्ट्य होते.

देशांतर्गत चित्र १९१९ या एका वर्षात जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कोणत्याही वर्षात दिसत नाही. युद्धकाळात महागाई झपाट्याने वाढली होती, युद्धकंत्राटे एकाएकी रद्द झाली आणि लाखो सैनिक नोकरीच्या शोधात परतले. त्या वर्षी सुमारे ४० लाख कामगार कधी ना कधी संपावर होते; सिअ‍ॅटलमध्ये संपूर्ण शहराचा संप झाला, बॉस्टनमध्ये पोलिसांनीच काम बंद ठेवले, पोलाद कारखान्यांत साडेतीन लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. रशियातील बोल्शेविक क्रांती ताजी होती, आणि पगारवाढीची मागणी व क्रांतीचा कट यांतला फरक पाहण्याची वृत्तपत्रांची आणि सरकारची तयारी उरली नव्हती. २ जून रोजी अ‍ॅटर्नी जनरल मिचेल पामर यांच्या घरावर बॉम्ब फुटला. त्यानंतर पामर यांनी जे. एडगर हूव्हर या २४ वर्षांच्या अधिकाऱ्याकडे संशयितांची टिपणे गोळा करण्याचे काम सोपवले. डिसेंबरमध्ये एमा गोल्डमन यांच्यासह २४९ जणांना ‘ब्युफर्ड’ या जुन्या लष्करी जहाजात बसवून रशियाकडे पाठवण्यात आले, आणि जानेवारी १९२० मध्ये अनेक शहरांत एकाच रात्री धाडी घालून हजारो लोकांना, पुष्कळदा वॉरंटशिवाय, पकडण्यात आले. श्रम खात्याचे वयोवृद्ध अधिकारी लुई पोस्ट यांनी एकेक कागद तपासून पुराव्याअभावी शेकडो हद्दपारीचे आदेश रद्द केले नसते तर हा अन्याय कितीतरी पटींनी वाढला असता. नागरी हक्कांसाठी लढणारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संस्था १९२० मध्ये जन्माला आली ती याच अनुभवातून.

कृष्णवर्णीयांसाठी १९१९ चा उन्हाळा सर्वांत रक्तरंजित ठरला. युरोपातून येणारे मजूर युद्धामुळे थांबले तेव्हा दक्षिणेतील सुमारे पाच लाख कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कच्या कारखान्यांत आले, आणि साडेतीन लाखांहून अधिक जणांनी वेगळ्या काढलेल्या तुकड्यांत सैनिकी सेवा केली. फेब्रुवारीत हार्लेमच्या ३६९ व्या पलटणीचे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर जयघोषात स्वागत झाले. पाच महिन्यांनी, २७ जुलैला, शिकागोत मिशिगन सरोवरात पोहणारा यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा गोऱ्यांसाठी राखीव मानल्या गेलेल्या पाण्याकडे वाहत गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगडफेक केली, मुलगा बुडाला आणि पोलिसाने त्या माणसाला अटक करण्यास नकार दिला. पुढील दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे मारले गेले. परदेशात ज्यांनी गणवेश घातला होता ते आता मार खाऊन गप्प बसायला तयार नव्हते, आणि नंतरच्या नागरी हक्क चळवळीचा पाया याच पिढीने घातला.

युद्धाने काही दीर्घकाळ रखडलेल्या मागण्याही पुढे रेटल्या. स्त्रियांच्या युद्धकार्याचा हवाला देत विल्सन यांनी सिनेटकडे मताधिकाराची मागणी केली आणि ऑगस्ट १९२० मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने तो मिळाला. याच काळात आलेल्या दारूबंदीला मात्र धान्यबचतीबरोबर बिअरचे कारखाने जर्मन वंशीयांचे असल्याच्या रागाचाही हातभार लागला होता.

या भयाला कायमचे कायदेशीर रूप मिळाले ते स्थलांतराच्या प्रश्नावर. १९२१ च्या कायद्याने प्रत्येक देशासाठी कोटा ठरवला, तो १९१० मध्ये अमेरिकेत असलेल्या त्या देशाच्या लोकांच्या ३ टक्के इतका होता. १९२४ च्या कायद्याने प्रमाण २ टक्क्यांवर आणले आणि आधार म्हणून मुद्दाम १८९० ची जनगणना घेतली, कारण तोवर इटालियन, पोलिश आणि ज्यू लोक मोठ्या संख्येने आलेच नव्हते. इटलीचा वार्षिक कोटा त्यामुळे ४२ हजारांवरून ३,८४५ वर आला. जपान्यांना दार पूर्ण बंद झाले. हिंदी लोकांसाठी ते १९१७ पासूनच बंद होते. अमेरिकन सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्व मागितले तेव्हा त्यांचा खटला सखाराम गणेश पंडित या हिंदी वकिलांनी लढवला. नागरिकत्व ‘गोऱ्या’ व्यक्तींसाठी खुले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी एका जपानी अर्जदाराला नकार देताना गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा असा अर्थ लावला होता; उत्तर हिंदुस्थानी त्याच वंशात मोडतात असे तेव्हाचे वंशशास्त्र सांगत असल्याने थिंद यांची बाजू भक्कम होती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने शास्त्र बाजूला सारून सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली आणि अर्ज फेटाळला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. थिंद यांना ते मिळाले १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या एका नव्या कायद्याखाली.

१९३० च्या दशकात जगाच्या भानगडींपासून दूर राहण्याचा आणि परकीयांना दार बंद करण्याचा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने शस्त्रास्त्र कारखानदार आणि बँकांनी युद्धात मिळवलेल्या नफ्याची चौकशी केली, त्यांच्या लोभापायीच देश युद्धात ओढला गेला ही समजूत बळावली, आणि १९३५ पासून तटस्थतेचे कायदे होऊन आक्रमक आणि पीडित दोघांनाही शस्त्रे विकणे सारखेच निषिद्ध ठरले. त्याच वेळी नाझी जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंच्या वाटेत १९२४ चा कोटा उभा होता. १९३९ मध्ये ‘सेंट लुइस’ जहाजावरील नऊशेहून अधिक निर्वासितांना फ्लोरिडाचा किनारा दिसत असताना युरोपला परतावे लागले आणि त्यांतील अडीचशेहून अधिक जण पुढे नाझींच्या हत्याकांडात बळी पडले.

विल्सन यांच्या प्रशासनात नौदल खात्याचे साहाय्यक सचिव असलेले आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या बाजूने प्रचार करून उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्रसंघाचा तो पराभव जवळून पाहिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेसाठी दोन्ही पक्षांचे सिनेटर शिष्टमंडळात घेतले, आणि २८ जुलै १९४५ रोजी सिनेटने संयुक्त राष्ट्रांची सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली. राष्ट्रमूलानुसार कोटा ठरवणारी स्थलांतराची पद्धत मात्र त्यानंतरही वीस वर्षे, १९६५ च्या कायद्यापर्यंत, चालू राहिली.